आधी नम्रता, मग विषयाची ओढ, शेवटी विनोद: वर्ग बोलका करण्याची क्रमवार पद्धत

हसत-खेळत शिकवण्याचं प्रशिक्षण आटोपून शिक्षक शाळेत परततात आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात विनोद सुरू होतात. वर्ग खळखळून हसतो. पहिला आठवडा झकास जातो. दुसऱ्या आठवड्यात फळ्याकडे कुणी बघत नाही, तिसऱ्यात आरडाओरडा परत येतो, आणि "आमची पोरं हसत-खेळत शिकवण्याजोगी नाहीतच" असा शेरा मारून विषय संपतो. पोरांचा यात काही दोष नसतो. क्रम चुकलेला असतो.

शिक्षकाची नम्रता, विषयाची ओढ आणि विनोद ही तिन्ही कामाची आहेत, पण कोणत्याही क्रमाने वापरून चालत नाहीत. ज्या वर्गात चुकायची भीती आहे तिथे विनोद झाला की प्रत्येक मूल मनात विचारतं, "हा विनोद माझ्यावर तर नाही?" म्हणून भीती आधी काढायची, ते काम नम्रतेचं. मग डोकं कामाला लावणारी वस्तू किंवा प्रश्न समोर ठेवायचा. ते काम ओढीचं. एवढं झाल्यावरच विनोद धड्याला चिकटतो.

हा लेख पाचवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी आहे. पट ३० ते ६०, तासिका ३५ ते ४० मिनिटांची, असं धरलं आहे. उदाहरणं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वर्गांतली आहेत.

## टप्पा १: वर्गात जाण्याआधीची तयारी

याला साधारण एक आठवडा लागतो. इथे घाई केली की पुढचे सगळे टप्पे कच्चे राहतात.

१.१ नावं पाठ करा. रोज दहा. हजेरीपत्रकावरचं नाव आणि घरी हाक मारतात ते नाव, दोन्ही विचारून घ्या. उच्चार मुलाकडूनच ऐका आणि त्याच्यासमोर एकदा म्हणून दाखवा: "बरोबर म्हणतोय ना?" घरचं नाव वर्गात वापरायचं की नाही, हे मूल ठरवेल. आडनावाने किंवा गावाच्या नावाने हाक मारू नका. आडनाव उच्चारलं की जात उघडी पडते आणि वर्ग तेच धरून ठेवतो.

१.२ मुलांच्या बोलीतले वीस शब्द शिका. धुळ्यात, अमळनेर-पारोळ्याकडे अहिराणी, रावेर-यावल-भुसावळच्या पट्ट्यात लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची. एका तालुक्यातही गावागणिक फरक असतो, तेव्हा यादी मुलांनाच करायला सांगा. सुरुवात या पाच गोष्टींपासून करा: "समजलं नाही", "परत सांगा", "कुठे", "किती", "दुखतंय". अहिराणी मूल "माले समजनं नही" म्हणालं, तर ते वाक्य दुरुस्त करायला जाऊ नका. त्याने न समजल्याचं कबूल केलं, हेच त्या तासातलं सर्वात मोलाचं वाक्य आहे. प्रमाण भाषा पुढे शिकवता येईल. त्या क्षणी त्याला हवं ते समजावून द्या.

> सावधान: बोली शिकणं वेगळं आणि बोलीची नक्कल करणं वेगळं. मुलाच्या सुरात वाक्य म्हणून दाखवलं आणि वर्ग हसला, की ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही. बोलीतला शब्द वापरायचा तो अर्थासाठी, आणि आपल्या साध्या सुरात.

१.३ प्रश्नवही आणा. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. चार रकाने आखा: तारीख, प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव, उत्तर कधी दिलं. वही शिक्षकाच्या टेबलावर राहील, कपाटात नाही. तिचा उपयोग टप्पा ३ मध्ये येतो.

१.४ बैठकीचा नकाशा काढा. एका कागदावर बाक आणि नावं. त्याच्या दहा झेरॉक्स करून ठेवा. महिनाभराची मोजणी याच कागदावर होणार आहे.

१.५ गावाचं वेळापत्रक टिपून घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणती मुलं गैरहजर राहतात, दिवाळीनंतर कोणती कुटुंबं ऊसतोडीला जातात, कानबाईचा सण, पोळा आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कोणते दिवस रिकामे जातात. गैरहजर राहिलेलं मूल परत आल्यावर त्याला "कुठे होतास इतके दिवस?" असं सगळ्यांदेखत विचारलं, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. कारण आधीच ठाऊक असेल तर हा प्रश्न तोंडून निघत नाही.

तपासणी: नकाशा झाकून सगळी नावं बाकांच्या क्रमाने म्हणता येतात का? पाचपेक्षा जास्त अडली, तर आणखी दोन दिवस घ्या.

## टप्पा २: विषयाच्या ओढीची तयारी, धड्यागणिक २५ मिनिटं

ही तयारी आधी करून ठेवायची; वर्गात ती टप्पा ३ मधल्या नम्रतेनंतर उतरवायची. ओढ म्हणजे मोठा आवाज नव्हे. हातवारे नव्हेत. "हा विषय किती सुंदर आहे बघा" हे वाक्य तर मुळीच नव्हे. शिक्षकाने एखाद्या गोष्टीकडे जवळून पाहिलेलं असतं आणि ती दाखवायला तो आतुर असतो. मुलांना ते लगेच कळतं. म्हणून ओढीची तयारी करता येते. टाचण लिहून झाल्यावर कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा:

(अ) या धड्यात मला स्वतःला नवल वाटावं असं काय आहे?
(आ) ते दाखवणारी कोणती वस्तू या गावात फुकट मिळते?
(इ) त्या वस्तूबद्दलचा असा कोणता प्रश्न आहे, ज्याचं उत्तर मुलं आधी चुकीचं देतील?

(अ)चं उत्तर सुचत नसेल, तर धडा परत वाचा आणि त्या विषयावरचं आणखी एक पान वाचा. न सुचताच वर्गात जाऊन उत्साह दाखवू नका. उसना उत्साह पोरं पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

आता एक उदाहरण नीट बघू. विज्ञान, वनस्पतींचे अवयव: मूळ, खोड, पान. पुस्तकात चित्र असतं आणि मुलं ते पाठ करतात. रावेर, यावल, चोपडा या भागातल्या मुलांनी केळी लहानपणापासून पाहिलेली असते. मग वर्गात केळीच्या खोडाचे दोन आडवे काप न्या: एक, घड न निसवलेल्या लहान झाडाचा; दुसरा, घड कापून नेलेल्या झाडाचा. प्रत्येकी चार बोटं जाड. शेतकऱ्याकडूनच कापून घ्या, कोयता शाळेत आणू नका. खाली दोन-तीन वर्तमानपत्रं अंथरा. केळीच्या चिकाचे डाग गणवेशावरून निघत नाहीत आणि घरी बोलणी मुलांना बसतात.

काप सगळ्या बाकांवरून फिरू द्या. काही सांगू नका. मग एकच प्रश्न: "यात खोड कुठे आहे?"

सगळे हसून म्हणतील, हेच तर खोड. मग लहान झाडाच्या कापाचा बाहेरचा एक थर सोलायला सांगा. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. थर निघत जातात, प्रत्येकात हवेच्या छोट्या छोट्या खोल्या दिसतात आणि मधोमध पोहोचलं तरी खोड सापडत नाही. सगळे थर पानांच्या बुडांचे, एकमेकांवर गुंडाळलेले. ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांच्या आवरणांचं भेंडोळं आहे. खरं खोड जमिनीत आहे, त्याला शेतकरी कंद म्हणतात. त्याच कंदातून पिलं फुटतात. आता दुसरा काप हातात द्या. त्याच्या मधोमध पांढरा, घट्ट गाभा आहे. हा कुठून आला? कंदातून वर चढून आलेला दांडा, ज्याच्या टोकाला केळफूल आणि मग घड लागला. म्हणूनच एक झाड एकदाच घड देतं.

हे सगळं वीस मिनिटांत होतं. यात शिक्षकाने बोलायची मिनिटं पाच-सहा. बाकी वेळ सोलण्याचा आणि वाद घालण्याचा. ज्या मुलाच्या घरी केळीचा मळा आहे, ते या तासात आपोआप उठून पुढे येतं, आणि तसं यायलाच हवं.

केळी नसेल तिथे कापसाचं बोंड, ज्वारीचं धाट, पाण्याचं मडकं, दुकानातला तराजू, बसचं तिकीट. वस्तू महाग नको आणि ती एका वेळी तीन-चार बाकांना हाताळता यावी.

क्रम कायम हाच: आधी वस्तू, मग प्रश्न, मग मुलांचे अंदाज, आणि शेवटी पुस्तकातला शब्द. शब्द आधी फळ्यावर लिहिला की वस्तू फक्त शोभेची उरते.

इथे काय बिघडतं: वस्तू शेवटच्या बाकाला दिसत नाही. प्रश्न फार मोठा असतो ("केळीबद्दल काय सांगाल?"). किंवा शिक्षकाला इतकं सांगायचं असतं की तोच वीस मिनिटं बोलतो. तिसरी चूक सर्वात जास्त होते, आणि ती विषयावर मनापासून प्रेम करणाऱ्यांकडूनच होते. तुम्हाला ठाऊक असलेल्या दहा गोष्टींपैकी दोनच सांगा. बाकीच्या आठ मुलं विचारतील तेव्हा.

## टप्पा ३: पहिले दोन आठवडे फक्त नम्रता

या दोन आठवड्यांत मुद्दाम विनोद करू नका. मुलं हसली तर हसू द्या, पण तुमच्याकडून सुरुवात नको. या काळात चार सवयी बसवायच्या आहेत.

३.१ तीन सेकंद थांबा. प्रश्न विचारला की मनात सावकाश तीन आकडे मोजा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. खानदेशात याला आणखी एक कारण आहे. मूल प्रश्न मराठीत ऐकतं, विचार आपल्या बोलीत करतं आणि उत्तर पुन्हा मराठीत जुळवतं. त्या ये-जा करायला वेळ लागतो. पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलांसाठी पाच सेकंदही थांबा. उत्तर आल्यावरही लगेच "बरोबर" म्हणू नका. आणखी दोन सेकंद थांबलात तर दुसरं मूल भर घालतं.

३.२ "मला माहीत नाही" म्हणा, तारखेसह. उत्तर येत नसेल तर वाक्य असं: "हे मला आत्ता माहीत नाही. वहीत लिहितो. गुरुवारी सांगतो." मग मुलांसमोर प्रश्नवहीत लिहा, विचारणाऱ्याचं नाव लिहा, आणि गुरुवारी तास सुरू होताच, हजेरीच्याही आधी, त्या मुलाचं नाव घेऊन उत्तर द्या. मुदत शाळेच्या दोन-तीन दिवसांची. गुरुवारी उत्तर मिळालं नसेल तर तेच सांगा: कुठे शोधलं, कुणाला विचारलं, आता कुठे बघणार.

> सावधान: तारीख विसरलात तर "माहीत नाही" हे टाळाटाळीचं वाक्य होतं, आणि ते न म्हटलेलं बरं. पाठ्यपुस्तकातल्याच प्रश्नांवर दर तासाला असं म्हणावं लागत असेल, तर अडचण नम्रतेची नाही, तयारीची आहे.

प्रश्न उडवून लावणारी उत्तरं कोणती, तीही ओळखून ठेवा: "ते पुढच्या वर्षी आहे", "परीक्षेला येत नाही", "जास्त हुशारी नको". तिन्हींचा अर्थ मुलाला एकच लागतो.

३.३ फळ्यावर चुकलात की दुरुस्ती मुलाकडून करून घ्या. कुणी चूक दाखवली की, "बरोबर. ये, दुरुस्त कर," म्हणा आणि खडू त्याच्या हातात द्या. चूक कुठे झाली ते एका वाक्यात सांगा: "मी हातचा मिळवायला विसरलो." एवढं पुरे. लांबलचक कौतुक नको, सारवासारवही नको. "मी मुद्दाम चुकलो होतो, बघत होतो कुणाचं लक्ष आहे" हे वाक्य कायमचं सोडा. ते खोटं असतं आणि पाचवीतल्या मुलालाही कळतं. चुका शोधण्याचा सराव द्यायचा असेल तर आधीच सांगा: "या पाच ओळींत दोन चुका आहेत, शोधा."

३.४ मुलाला जे येतं ते त्याच्याकडून शिका. आठवड्यातून एकदा तरी. गणितात वजन-मापं असतील तर कापूस वेचायला जाणाऱ्या घरातल्या मुलाला विचारा: मजुरी कशी मोजतात, काटा कोण धरतो, घट किती धरतात? यंदाचा दर त्याच्याकडूनच घ्या आणि त्याच आकड्यांची उदाहरणं फळ्यावर करा. जे मूल पावकी-निमकीत अडखळतं, ते मजुरीचा हिशोब तोंडी करतं, हे वर्गाला दिसतं आणि त्या मुलालाही पहिल्यांदा दिसतं. पण घरच्या गरिबीबद्दल एकही प्रश्न यात येऊ देऊ नका. कामाचं ज्ञान विचारायचं, कमाई नाही.

आणखी एक साधी गोष्ट: मुलाची वही तपासताना त्याच्या बाकाशी वाका किंवा शेजारी बसा. तुम्ही खुर्चीत आणि मूल वही धरून उभं, हे दृश्य जितकं कमी तितकं चांगलं.

नम्रता म्हणजे ढिलाई नव्हे. इथे बरेच जण घसरतात. नियम तीनच ठेवा: एकाने बोलताना बाकीच्यांनी ऐकायचं, कुणाच्या उत्तराला हसायचं नाही, दिलेलं काम वेळेत दाखवायचं. ते सगळ्यांना सारखे, शिक्षकाच्या लाडक्यालाही. दुसरा नियम पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळा. कुणी दुसऱ्याच्या उत्तराला हसलं की शिकवणं तिथेच थांबवा, शांतपणे नियम सांगा, मग पुढे जा. आवाज चढवायची गरज पडत नाही. थांबणंच पुरेसं होतं.

तपासणी: दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रश्नवहीत मुलांचे किमान दहा प्रश्न आहेत का? आणि ते किमान सहा वेगवेगळ्या मुलांचे आहेत का? नसतील तर टप्पा ४ लांबवा. ही मोजणी टाळून पुढे गेलेले बहुतेक वर्ग सुरुवातीला सांगितलेल्या जागी परत येतात.

## टप्पा ४: विनोद, धड्याच्या पोटातून

आता विनोद करा. तो कुठून आणायचा, हा पहिला प्रश्न. मोबाईलवरचे चुटके नकोत. धड्यातच विसंगती असते, ती शोधायची.

४.१ घडण तीन भागांची: आधी मुद्दा सांगा, मग गंमत, मग तोच मुद्दा पुन्हा दुसऱ्या शब्दांत. तिसरा भाग गाळला तर मुलांना गंमत आठवते आणि मुद्दा जातो. अव्नेर झिव या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सत्रभर विषयाशी जुळणारा विनोद वापरलेल्या गटाला परीक्षेत जास्त गुण मिळाले. "विषयाशी जुळणारा" हे शब्द महत्त्वाचे. तासाला तीन-चार वेळा पुरे. त्यापुढे वर्ग पुढच्या विनोदाची वाट बघत बसतो.

४.२ एक नमुना. अपूर्णांकांची बेरीज. दरवर्षी, प्रत्येक वर्गात हे उत्तर येतं: १/२ + १/३ = २/५. मुलं वरचे अंक वर मिळवतात, खालचे खाली. त्यांनी आजवर बेरीज तशीच केलेली असते, त्यामुळे चूक स्वाभाविक आहे. हे उत्तर कुणाचं ते सांगू नका. फळ्यावर लिहा आणि म्हणा, "हे उत्तर आपण भाकरीवर ठेवून बघू."

"दुपारी अर्धी भाकरी खाल्ली. भरीत चांगलं झालं होतं म्हणून अजून एक तृतीयांश घेतली. आता या उत्तराप्रमाणे पोटात किती गेली? पाचातले दोन भाग. अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?"

इथे थांबा. तीन सेकंद. कुणीतरी म्हणेलच, "सर, कमी!"

"म्हणजे जसजसं खाऊ तसतशी पोटातली भाकरी कमी होते? मग आई म्हणेल, अजून एक घे, म्हणजे तुझं पोट रिकामं होईल!"

वर्ग हसतो. हसू विरायच्या आत पुठ्ठ्याची भाकरी काढा. ताटली ठेवून गोल कापलेली, आधीच सहा सारख्या भागांत आखलेली. अर्धी म्हणजे तीन तुकडे. एक तृतीयांश म्हणजे दोन. मिळून पाच, सहापैकी. ५/६. ताटलीत एक तुकडा उरला. मग तिसरा भाग: "तुकडे सारख्या मापाचे केल्याशिवाय मिळवता येत नाहीत." हे वाक्य मुलांनी वहीत लिहायचं.

यात हसण्याची वस्तू उत्तर आहे, उत्तर देणारा नाही. आणि "उत्तर भाकरीवर ठेवून बघ" हा वर्गाचा वाक्प्रचार होऊन बसतो. पुढे मुलं एकमेकांची गणितं तशीच तपासतात.

४.३ दुसरा सोपा साठा: एकक विसरणं. "शेतात १५ कापूस निघाला." पंधरा काय? क्विंटल, पोती की बोंडं? पंधरा बोंडांत समईच्या वाती होतील फार तर. हे एकदा केलं की एकक लिहायचं राहत नाही.

४.४ काय चालणार नाही. मुलाचा रंग, उंची, वजन, बोली, जात, आईवडिलांचं काम, कपडे, गुण, गैरहजेरी, नापास होणं, मुलगा-मुलगी जोडीने बसणं. यातल्या कशावरही नाही, प्रेमानेही नाही, आणि ते मूल स्वतः हसत असलं तरी नाही. ते हसतं कारण त्याला दुसरा रस्ता नसतो. टोपणनावं ठेवणंही यातच आलं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

उपरोधही टाळा. "वा, काय हुशार आहेस!" हे चुकलेल्या मुलाला म्हटलं की लहान मुलं ते खरं मानून गोंधळतात आणि मोठी दुखावतात.

तपासणी: वर्ग हसत असताना हसणाऱ्यांकडे बघू नका. न हसणारं मूल शोधा. कुणाची मान खाली गेली असेल तर विनोद चुकला आहे. लगेच टप्पा ५.

## टप्पा ५: बिघडलं तर दुरुस्ती

विनोद मुलाच्या मनाला लागला. त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी चूक कबूल करा. आधी एकट्याला बाजूला घेऊन: "मघाशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. पुन्हा होणार नाही." "पण" हा शब्द नको, "गंमत केली रे" नको, कारणही नको. विनोद सगळ्यांसमोर झाला असेल तर, त्या मुलाला चालत असल्यास, दुसऱ्या दिवशी वर्गासमोरही एका वाक्यात. पुढचे दोन दिवस त्याला एक-दोन साधे प्रश्न विचारा, इतरांना विचारता तसेच. जास्तीचं गोडगोड वागू नका. त्याने पोरांचं लक्ष पुन्हा त्याच जखमेवर जातं.

वर्ग आवरेना. ओरडू नका. फळ्याकडे वळा आणि तीन मिनिटांत होणारं लेखी काम लिहा. वीस सेकंद गप्प उभे राहा. हसू हातांत काम आलं की ओसरतं. हे वारंवार करावं लागत असेल तर विनोदाची संख्या निम्मी करा.

वस्तू आणली, पण वर्ग थंड. बहुधा प्रश्न मोठा असतो किंवा वस्तू उशिरा पोहोचते. प्रश्न "हो/नाही" किंवा "किती" असा करा, हात वर करून मतं मोजा, मग "का?" विचारा.

उन्हाळ्यातला शेवटचा तास. मार्चपासून दुपारी पत्रे तापतात तेव्हा कुठलीच युक्ती चालत नाही. अवघड भाग पहिल्या दोन तासांत उरका, शेवटी हाताने करायचं काम ठेवा, पाणी प्यायला मोकळीक द्या.

## टप्पा ६: महिनाभर मोजणी

दर आठवड्याला एका तासिकेत नकाशाची एक झेरॉक्स हातात ठेवा. मूल उत्तर देतं तेव्हा त्याच्या चौकटीत टिंब, स्वतःहून प्रश्न विचारतं तेव्हा फुली. टिपण्याचं काम आळीपाळीने एखाद्या विद्यार्थ्याकडे दिलं तरी चालतं. तास संपल्यावर कागद बघा. टिंबं पुढच्या दोन रांगांतच आहेत का? मुलींच्या बाजूला किती? फुल्या आहेत तरी का? टिंबं वाढणं बरं, पण फुल्या वाढणं ही खरी खूण.

शुक्रवारी शेवटची पाच मिनिटं चिठ्ठ्या: "या आठवड्यात न समजलेली एक गोष्ट." नाव लिहायचं नाही, कोणत्याही बोलीत चालेल. सोमवारी त्यातल्या दोन गोष्टी परत घ्या आणि सांगा की या चिठ्ठीतून आल्या. दोन सोमवार चुकले की चिठ्ठ्या कोऱ्या यायला लागतात.

तीन आठवडे ज्या चौकटीत काहीच नाही, त्या मुलाला वर्गात उभं करून प्रश्न विचारू नका. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत त्याच्याजवळ थांबा. त्याच्या गावची बस किती वाजता येते, बैल कुठल्या हाताला चालतो, असं त्याला येणारं काहीतरी विचारा. त्यातून एखादा प्रश्न निघाला तर म्हणा, "हा वहीत लिहू या का?" हो म्हणालं तर त्याच्याच हाताने, त्याच्या बोलीत लिहू द्या. नाही म्हणालं तर राहू द्या, आणि पुढच्या आठवड्यात परत त्याच रांगेत जा.